ऐहिक जीवन, ख्रिस्ती धर्मातील

शरीर, कुटुंब, श्रम, अन्न, मालमत्ता, शेजार आणि नागरिक म्हणून करावयाची कर्तव्ये यांनी बनलेल्या माणसाच्या नित्य जीवनास ख्रिस्ती श्रद्धेने दिलेले स्थान व मूल्य. ख्रिस्ती धर्म मरणोत्तर शाश्वत जीवनाची आशा बाळगतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीने इहलोक म्हणजे परलोकाच्या वाटेवरील एक धर्मशाळा होय, असा समज सामान्यतः आढळतो. ख्रिस्ती इतिहासातील एका प्रबळ प्रवाहाने या समजास आधार पुरविला आहे, हे खरे. तथापि या धर्माच्या मूलभूत सिद्धांतांशी तो सुसंगत नाही. विश्व ही ईश्वराची चांगली निर्मिती आहे, ईश्वर येशूच्या रूपाने मानवी देह धारण करून आला आणि मृत्यूनंतर केवळ आत्माच नव्हे, तर देहही पुनरुत्थित होईल, असे तीन सिद्धांत ख्रिस्ती श्रद्धासूत्रांत ग्रथित झालेले आहेत. या तिहींचा एकत्रित अर्थ असा, की ऐहिक जीवन हे अंतिम साध्य नसले, तरी ती खरीखुरी देणगी आहे. त्यालाच सर्वस्व मानणे ही जशी मूर्तिपूजा, तशीच त्याला तुच्छ लेखणे ही निर्मात्याची अवहेलना ठरते. या दोन टोकांमधील तोल सांभाळण्याचा प्रयत्न आणि तो वेळोवेळी ढळल्याचा इतिहास, असे या विषयाचे स्वरूप आहे.

जुन्या करारातील विचार : बायबलच्या पहिल्या ग्रंथाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, पहिल्या अध्यायात निर्माण केलेल्या गोष्टी चांगल्या असल्याचा निर्वाळा ईश्वर सात वेळा देतो, अखेरचा निर्वाळा सबंध सृष्टीविषयी असून तो अधिक जोरदार आहे. प्राचीन बॅबिलोनियन सृष्टिकथेत एका वध केलेल्या देवाच्या रक्तापासून माणूस घडविला जातो आणि देवांचे कष्ट उपसणे हे त्याचे प्रयोजन असते. या पार्श्वभूमीवर उत्पत्तीतील माणूस ईश्वराच्या प्रतिरूपाने घडविलेला आहे, हा फरक लक्षणीय होय. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेची मशागत व राखण करण्यासाठी नेमले आहे. हा प्रसंग माणसाच्या आज्ञाभंगापूर्वीचा आहे. म्हणजेच श्रम ही शिक्षा नव्हे. आज्ञाभंगानंतर आले, ते श्रमांतील कष्ट व वैफल्य. मशागतीसाठी येथे योजलेला ‘आबद’ हा हिब्रू धातू अन्यत्र ईश्वराच्या सेवेसाठीही वापरला जातो. शेत कसणे व उपासना करणे या दोन क्रियांना एकच शब्द पुरावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात धर्माचरण हे रोजच्या व्यवहारात उतरलेले दिसते. शेताच्या कडेचे पीक कापू नये, ते गरीब व परके यांच्यासाठी राखावे. वजने-मापे खरी ठेवावीत. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, असे दंडक लेवीय या ग्रंथात यज्ञविधींच्या नियमांलगतच येतात. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवसाची, विश्रांती ही धन्याप्रमाणेच दास, दासी, परका, बैल व गाढव यांनाही द्यावयाची आहे. अनुवाद या ग्रंथात तिचे कारण सांगितले आहे, ते असे, की इझ्राएल लोक स्वतः मिसर देशात गुलाम होते. प्राचीन इझ्राएलमध्ये मरणोत्तर जीवनाची कल्पना अंधूक होती. मृत हे ‘शेओल’ या छायामय अधोलोकात जातात, असे मानले जाई. मृतांच्या पुनरुत्थानाचा स्पष्ट उल्लेख इ. स. पू. दुसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या दानीएलच्या ग्रंथात येतो. त्यामुळे ईश्वराचा आशीर्वाद म्हणजे वेळेवर पाऊस, धान्य, द्राक्षमळा, संतती व दीर्घायुष्य, अशीच बहुतेक ठिकाणी धारणा आहे. सर्व काही व्यर्थ आहे, असे म्हणणाऱ्या उपदेशक या ग्रंथाचा कर्ताही अन्नपाणी, पत्नीचा सहवास व श्रमांचे फळ यांचा आनंद ईश्वराच्या हातून आलेला म्हणून घ्यावा, असेच सुचवितो. गीतरत्न या ग्रंथात तर स्त्रीपुरुषांच्या प्रेमाचे मोकळे वर्णन आहे. पुढील भाष्यकारांनी त्याला रूपकाचा अर्थ दिला असला, तरी धर्मग्रंथातील त्याचे स्थान अढळ राहिले.

येशूचे जीवन व उपदेश : नव्या करारात हा विचार एका व्यक्तीच्या जीवनाभोवती गुंफला जातो. लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूने आपल्या कार्यास आरंभ केला, तेव्हा तो सुमारे ३० वर्षांचा होता. त्यापूर्वीच्या वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. मार्कच्या शुभवर्तमानात मात्र नासरेथचे गावकरी, हा तर सुतार, अशा शब्दांत त्याची ओळख सांगतात. ज्याला ख्रिस्ती श्रद्धा ईश्वराचा अवतार मानते, त्याच्या आयुष्याचा बहुतांश भाग एका खेड्यात, कुटुंबात व हातांच्या कामात गेला. या ‘गुप्त जीवना’वर पुढे मोठे चिंतन झाले, कारण उद्धारकाच्या जीवनाचा हा भाग निरर्थक मानणे श्रद्धावंतांना शक्य नव्हते.

येशूचे दाखले मंदिरातून किंवा तत्त्वज्ञांच्या चर्चेतून आलेले नाहीत. पिठात खमीर मिसळणारी स्त्री, हरवलेल्या नाण्यासाठी घर झाडणारी गृहिणी, पेरणी करणारा शेतकरी, जुन्या वस्त्राला लावलेले ठिगळ, बाजारात कामाची वाट पाहणारे मजूर अशा दृश्यांतून तो देवाच्या राज्याविषयी बोलतो. योहानच्या शुभवर्तमानातील त्याचा पहिला चमत्कार काना गावच्या लग्नघरी घडतो. तेथे द्राक्षारस संपल्यामुळे यजमानावर येऊ घातलेली नामुष्की टळते. त्याने शिकविलेल्या प्रार्थनेत ईश्वराचे राज्य येवो, या विनंतीच्या पाठोपाठ रोजच्या भाकरीची मागणी आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या वर्णनात निवाड्याची कसोटी भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र व आजारी आणि बंदिवान यांची विचारपूस ही आहे. शाश्वत भवितव्य अशा साध्या ऐहिक कृत्यांवर अवलंबून असल्याचे येथे सांगितले आहे. पुनरुत्थानानंतरही येशू शिष्यांसमोर भाजलेली मासोळी खातो आणि गालील सरोवराच्या काठी त्यांच्यासाठी न्याहारी तयार ठेवतो.

याच शुभवर्तमानांत दुसरा सूरही तितकाच ठळक आहे. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, उद्याची चिंता करू नका, सर्व सोडून माझ्यामागे या, अशा आशयाचे आदेश येशू देतो. श्रीमंत तरुणाला मालमत्ता विकून टाकण्यास सांगतो. या दोन सुरांचा मेळ घालताना असे दिसते, की येशूचा रोख वस्तूंवर नसून त्यांच्या मालकीच्या आसक्तीवर आहे. रानातल्या फुलांकडे पाहण्यास सांगणारा उपदेशक सृष्टीला तुच्छ लेखत नाही. चिंता व लोभ यांच्यामुळे सृष्टी दिसेनाशी होते, हे त्याला दाखवावयाचे आहे.

पौलाची पत्रे : संत पौल हा तंबू तयार करण्याचा व्यवसाय करी आणि प्रवासातही स्वतःच्या हातांनी कमावून खाई. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, या जगाचे बाह्यरूप लयास चालले आहे, म्हणून संसार असणाऱ्याने तो नसल्यासारखे वागावे, असा उपदेश तो करतो. मात्र थेस्सलनीका येथील मंडळीत काहींनी उद्योग सोडून दिल्याचे कळताच त्यांना पाठविलेल्या दुसऱ्या पत्रात, जो काम करू इच्छीत नाही त्याने खाऊही नये, असा कडक नियम घातलेला आढळतो. प्रभूचे पुनरागमन अगदी जवळ आले, ही अपेक्षा त्या आळसामागे असावी, असे अनेक भाष्यकारांचे मत आहे. जगाचा अंत जवळ असला, तरी आजचे काम टाळता येत नाही, हा या प्रसंगाचा निष्कर्ष होय.

नव्या करारातील काही शब्द या संदर्भात नीट समजून घेणे आवश्यक आहे. पौल ‘सार्क्स’ (देहस्वभाव) आणि ‘सोमा’ (शरीर) असे दोन शब्द योजतो. तो ज्याचा निषेध करतो, तो देहस्वभाव म्हणजे ईश्वराला पारखी झालेली संपूर्ण मानवी वृत्ती होय. मत्सर, भांडखोरपणा यांसारखी मनाची पापेही तो त्यातच गणतो. शरीराला मात्र तो पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. ‘जग’ या शब्दाचेही असेच आहे. योहानच्या शुभवर्तमानात ईश्वराने जगावर प्रीती केली, असे म्हटले आहे. तर योहानच्या पहिल्या पत्रात जगावर प्रीती करू नये, असा आदेश आहे. पहिल्या ठिकाणी जग म्हणजे ईश्वराने निर्मिलेले लोक, तर दुसऱ्या ठिकाणी लोभ व अहंकार यांनी चालणारी व्यवस्था, असा अर्थ आहे. हे भेद ध्यानात न घेतल्यामुळे देह व संसार यांच्याविषयीचा तिटकारा हीच ख्रिस्ती शिकवण, असा गैरसमज अनेकदा झालेला आहे.

शरीर हे आत्म्याचे थडगे आहे, ही कल्पना ग्रीसमधील ऑर्फिक पंथीयांत रूढ होती. तिच्या उलट ख्रिस्ती आशा देहातून सुटकेची नसून देहाच्या रूपांतराची आहे. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सबंध सृष्टी मुक्तीची वाट पाहत कण्हत असल्याचे वर्णन आहे. नव्या कराराच्या अखेरीस, प्रकटीकरण या ग्रंथात, माणसे पृथ्वी सोडून वर जात नाहीत; पवित्र नगरच नव्या पृथ्वीवर खाली उतरते.

आरंभीचा ख्रिस्ती समाज : दुसऱ्या शतकात या सिद्धांतांची कसोटी लागली. भौतिक जग हे कनिष्ठ किंवा दुष्ट शक्तीने घडविले असून ज्ञानाद्वारे त्यातून निसटणे म्हणजे मोक्ष, असे नॉस्टिक पंथीय मानीत. मार्शन याने तर जुन्या करारातील निर्माता ईश्वर व येशूचा पिता हे दोन भिन्न देव असल्याचे प्रतिपादिले. लीआँचा बिशप इरिनीअस याने सु. १८० मध्ये या मतांचे सविस्तर खंडन केले. त्याचा एक युक्तिवाद विशेष उल्लेखनीय आहे : प्रभुभोजनाच्या विधीत अर्पण केली जाणारी भाकर व द्राक्षारस ही याच भूमीची फळे आहेत; देह उद्धारास पात्र नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी ही अर्पणे करणेच सोडून द्यावे. चौथ्या शतकात गँग्रा येथील धर्मसभेने विवाहाला निंद्य ठरविणाऱ्यांचा निषेध केला. ब्रह्मचर्य स्वीकारणाऱ्याने ते विवाहाच्या तिटकाऱ्यापोटी स्वीकारू नये, अशी तिची भूमिका होती.

या धर्माच्या विरोधकांच्या लेखनातूनही त्याचे सामाजिक रूप कळते. दुसऱ्या शतकातील सेल्सस या तत्त्वज्ञाने लोकर पिंजणारे, चांभार व परीट हे धर्मोपदेश करू लागले आहेत, असा उपहास केला होता. त्याच्या दृष्टीने हा दोष होता. ख्रिस्ती समाजाला मात्र त्यात लज्जास्पद काही वाटले नाही. चौथ्या शतकात सिझेरियाचा बिशप बेसिल (सु. ३३०–३७९) याने आपल्या नगराबाहेर रुग्ण, प्रवासी व दरिद्री यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. देहाचे पुनरुत्थान मानणाऱ्यांना रुग्णाचा देह उपेक्षिता येत नाही, हे या संस्थेने कृतीने दाखविले.

संन्यास व प्रपंच : तिसऱ्या-चौथ्या शतकांत ईजिप्तच्या वाळवंटात अँटनीसारख्या तपस्व्यांनी एकांतवास पत्करला आणि पुढे मठवासाची परंपरा वाढली. या परंपरेने जग त्यागले, पण श्रम त्यागले नाहीत. वाळवंटातील तपस्वी चटया व टोपल्या विणून पोट भरीत. संत बेनिडिक्ट (सु. ४८०–५४७) याच्या मठनियमावलीत प्रार्थना, वाचन व शरीरश्रम यांच्या वेळा ठरवून दिलेल्या आहेत, स्वयंपाकघरातील सेवा मठवासीयांनी आळीपाळीने करावयाची असून मठातील अवजारे व भांडी वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपावीत, अशी सूचना आहे. प्रार्थना व श्रम यांची जोडी सांगणारे बेनिडिक्टीन संघाचे प्रसिद्ध बोधवाक्य मूळ नियमावलीत नाही, ते नंतरचे आहे. तथापि नियमावलीचा आशय त्यातून नेमका व्यक्त होतो.

असे असले, तरी ब्रह्मचारी व संन्यस्त जीवन श्रेष्ठ आणि गृहस्थजीवन कनिष्ठ, अशी उतरंड हळूहळू पक्की झाली. विवाह व ब्रह्मचर्य यांची योग्यता सारखीच आहे, असे म्हणणाऱ्या जोव्हिनिअनवर संत जेरोमने ३९३ मध्ये प्रखर टीका केली आणि चर्चनेही जोव्हिनिअनला दोषी ठरविले. संत ऑगस्टीन (३५४–४३०) तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानी पंथाचा अनुयायी होता. द्रव्य हे दुष्ट आहे, हे त्या पंथाचे मत त्याने पुढे निश्चयाने नाकारले. अस्तित्वात असलेली प्रत्येक गोष्ट अस्तित्वापुरती चांगलीच असते, असे त्याने प्रतिपादिले. मात्र ‘उपयोग’ व ‘उपभोग’ असा भेद करून, केवळ ईश्वर हाच उपभोगाचा अंतिम विषय असून इतर सर्व गोष्टी त्याच्याकडे जाण्यासाठी उपयोगात आणावयाच्या आहेत, असे त्याने सांगितले. ही मांडणी पुढील सर्व पाश्चात्त्य विचारावर प्रभावी ठरली. संत टॉमस अक्वाय्नस (१२२५–७४) याने ईश्वरी कृपा निसर्गाला नष्ट करीत नाही, तर त्याला पूर्णत्वास नेते, हे सूत्र मांडून बुद्धी, समाज, राज्यसंस्था व कुटुंब यांना त्यांच्या पातळीवरचे स्वतंत्र मूल्य दिले.

लूकच्या शुभवर्तमानातील दोन बहिणींची कथा या वादात नेहमी उद्‌धृत होई. येशूच्या पायांशी बसून ऐकणारी मरिया ही चिंतनशील जीवनाचे, तर पाहुणचाराच्या कामात गुंतलेली मार्था ही कृतिशील जीवनाचे प्रतीक मानली जाई. मरिया श्रेष्ठ, हा रूढ अर्थ होता. जर्मन गूढवादी माइस्टर एक्‌हार्ट (सु. १२६०–१३२८) याने एका प्रवचनात हा अर्थ उलटविला. त्याच्या मते मार्था अधिक परिपक्व होय. कारण कामाच्या धबडग्यातही तिचे चित्त स्थिर राहू शकते, मरियेला ते अद्याप शिकावयाचे आहे.

धर्मसुधारणा व तदनंतर : सोळाव्या शतकातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेने ही उतरंड मोडली. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा स्वतः मठवासी होता. मनुष्य आपल्या पुण्यकर्मांनी नव्हे, तर श्रद्धेने नीतिमान ठरतो, असे मानल्यावर संन्यासाला विशेष पुण्याचे स्थान उरत नव्हते. १५२० मध्ये त्याने सर्व श्रद्धावंतांचे पौरोहित्य समान असल्याचे प्रतिपादिले. ‘पाचारण’ हा शब्द तोवर प्रामुख्याने मठवासी व धर्मगुरू यांच्यासाठी वापरला जाई. ल्यूथरने चांभार, शेतकरी, मोलकरीण, आई-बाप या सर्वांच्या कामाला तो लागू केला. जर्मन भाषेतील ‘बेरूफ’ या शब्दाला पाचारण व व्यवसाय असे दोन्ही अर्थ आहेत. ल्यूथरच्या मते ईश्वराला माणसाच्या सत्कृत्यांची गरज नाही, शेजाऱ्याला मात्र ती आहे. म्हणून श्रद्धा ईश्वराकडे व प्रेम शेजाऱ्याकडे वळते. विवाहविषयक १५२२ च्या लेखनात तान्ह्या मुलाचे लंगोट धुणाऱ्या बापाचे उदाहरण देऊन, लोक हसले तरी ईश्वर व देवदूत त्या कामाने आनंदित होतात, असे त्याने लिहिले. १५२५ मध्ये त्याने पूर्वीची मठवासिनी काटारीना फोन बोरा हिच्याशी विवाह केला.

जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने आपल्या प्रमुख ग्रंथात परलोकचिंतनास महत्त्वाचे स्थान दिले. परंतु त्याच ठिकाणी, ईश्वराने अन्न, वस्त्र, फुलांचे रंग व सुवास हे केवळ गरजेपुरते नव्हे, तर आनंदासाठीही दिले आहेत, असे सांगून कोरड्या विरक्तीचा निषेध केला. कॅल्व्हिनपंथीय व प्यूरिटन समाजांत उद्योग, काटकसर व वेळेचा हिशेब यांना धार्मिक गांभीर्य लाभले. या ‘इहलोकातील तपश्चर्ये’चा आधुनिक भांडवलशाहीच्या मनोवृत्तीशी संबंध असल्याचे मॅक्स वेबर (१८६४–१९२०) याने १९०४–०५ मध्ये मांडले. त्याच्या निष्कर्षांविषयी मतभेद आहेत. मात्र पाचारणाची कल्पना श्रद्धेपासून तुटली, की कामाचे जोखड तेवढे मागे राहते, हे त्याचे निरीक्षण विचारार्ह ठरले. कॅनडातील तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर याने १९८९ मधील ग्रंथात ‘सामान्य जीवनाचा स्वीकार’ हे आधुनिक पाश्चात्त्य मनाचे एक लक्षण मानून त्याचे मूळ धर्मसुधारणेत शोधले आहे.

रोमन कॅथलिक पंथाने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५६३ मध्ये ब्रह्मचर्याचे श्रेष्ठत्व पुन्हा ठासून सांगितले. तरीही त्या पंथातच गृहस्थांसाठीचे भक्तिविषयक वाङ्मय बहरले. संत फ्रान्सिस द साल (१५६७–१६२२) याने १६०९ मधील ग्रंथात सैनिक, कारागीर, राजदरबारी व विवाहित स्त्री यांना आपापल्या स्थितीतच भक्ती साधता येते, असे प्रतिपादिले. पॅरिसमधील कार्मेलाइट मठात स्वयंपाकघरात राबणारा ब्रदर लॉरेन्स (सु. १६१४–९१) हा भांड्यांच्या गडबडीतही ईश्वराचे सान्निध्य अनुभवीत असे, त्याची संभाषणे व पत्रे त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत हाच विचार वेगळ्या वाटेने आला. आठव्या शतकात पवित्र चित्रांवरून वाद उसळला, तेव्हा दमास्कसच्या संत जॉनने असा युक्तिवाद केला, की ईश्वराने स्वतः द्रव्यमय देह स्वीकारला असल्याने लाकूड व रंग यांनाही आदराने वागविणे युक्त आहे.

आक्षेप व आधुनिक विचार : ऐहिक जीवनाच्या ख्रिस्ती मूल्यमापनावर दोन बाजूंनी आक्षेप घेतले गेले. कार्ल मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला लोकांची अफू म्हटले; परलोकाचे आश्वासन इहलोकातील अन्यायाची धार बोथट करते, हा त्याचा रोख होता. ख्रिस्ती धर्म जीवनविरोधी आहे, असे नीत्शेचे म्हणणे होते. हे आक्षेप निराधार नव्हते. दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे, या नव्या करारातील उपदेशाचा उपयोग अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थनार्थ झाला. आपापल्या पाचारणात समाधानी राहावे, हा ल्यूथरचा विचारही प्रस्थापित समाजरचना गोठवून ठेवण्यास उपयोगी पडला. मजुराच्या कामाला पवित्र म्हणावयाचे आणि त्याच्या मजुरीकडे दुर्लक्ष करावयाचे, ही विसंगती औद्योगिक युगात उघडी पडली.

या विसंगतीला उत्तर देण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसून येतात. पोप तेरावा लिओ याने १८९१ च्या परिपत्रकात कामगारांचे न्याय्य वेतन व संघटनेचा हक्क यांचा पुरस्कार केला. बाराव्या पायस पोपने १९५५ मध्ये १ मे हा श्रमिक संत जोसेफचा सणदिन म्हणून जाहीर केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात, नव्या पृथ्वीच्या आशेमुळे या पृथ्वीच्या जोपासनेची आस्था मंदावू नये, उलट ती वाढावी, असे स्पष्ट केले आणि श्रद्धा व दैनंदिन व्यवहार यांतील फारकत ही आपल्या काळातील गंभीर चूक ठरविली. पोप दुसरा जॉन पॉल याच्या १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हे तत्त्व मांडले आहे. पेरूमधील गुस्ताव्हो गुत्येर्रेस (१९२८–२०२४) याच्या १९७१ मधील ग्रंथापासून मुक्तिवादी ईश्वरशास्त्राला चालना मिळाली. दरिद्र्यांची ऐहिक मुक्ती हा उद्धाराचाच भाग आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. निसर्गाच्या ऱ्हासाला ख्रिस्ती विचार जबाबदार असल्याचा आरोप इतिहासकार लिन व्हाइट याने १९६७ मध्ये केला होता. त्यानंतर सृष्टीवरील मानवी सत्तेचा अर्थ राखणदारी असा घेण्यावर भर वाढला. पोप फ्रान्सिस याच्या २०१५ च्या परिपत्रकात त्याचे विस्तृत विवेचन आढळते.

जर्मन प्रॉटेस्टंट धर्मवेत्ता दीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) याचे लेखन या बाबतीत विशेष मोलाचे आहे. हिटलरविरोधी कटाशी संबंध असल्यामुळे त्याला १९४३ मध्ये अटक झाली व ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आले. अटकेपूर्वी काही महिने त्याचा विवाह ठरला होता. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत त्याने ख्रिस्ती श्रद्धेच्या गाढ ‘इहलौकिकते’चा पुरस्कार केला आणि आपला नियोजित विवाह हा ईश्वराच्या पृथ्वीला दिलेला होकार असल्याचे वाग्दत्त वधूला कळविले. ज्याला परलोक अगदी जवळ आला होता, त्याने इहलोकाचा असा स्वीकार करावा, यात या विचाराची कसोटी दिसून येते. त्याच्या मते अंतिम व उपांत्य असा भेद करावयास हवा. ऐहिक जीवन हे उपांत्य होय आणि अंतिमासाठीच उपांत्याचा सांभाळ करणे आवश्यक आहे. भुकेल्याला अन्न देणे म्हणजे उद्धार नव्हे. पण ते न देता उद्धाराची वार्ता सांगणे ही त्या वार्तेचीच विटंबना ठरते.

ऐहिक जीवनाचे मूल्य केवळ श्रमावर आधारले, तर तान्हे मूल, जराजर्जर वृद्ध व असाध्य रोगी यांच्या जीवनाला मूल्य उरत नाही. म्हणून ख्रिस्ती विचार श्रमाला मान देत असला, तरी जीवनाचे मूल्य श्रमातून काढीत नाही. जीवन ही देणगी आहे, यावर त्याचा भर आहे. शब्बाथाची विश्रांती हेच दर आठवड्याला आठवण करून देते. त्या दिवशी कोणी काही उत्पादन करीत नाही, तरी कोणाचेही मोल उणे होत नाही.

महाराष्ट्र व गोवा : मराठी ख्रिस्ती परंपरेत या विचाराच्या काही ठळक खुणा आढळतात. इंग्लंडमधून आलेला जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) याचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सृष्टीच्या निर्मितीपासून येशूच्या चरित्रापर्यंतची कथा देशी भाषेत व देशी छंदात सांगितली आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी दुष्काळग्रस्त व निराधार स्त्रियांसाठी केडगाव येथे उभारलेल्या मुक्तिसदनात प्रार्थनेबरोबरच शेती, विणकाम, छपाई इ. कामांचे शिक्षण दिले जाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील छापखान्यातच छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळक हे ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ओळखले जातात; भक्ती, निसर्ग व घर यांत त्यांच्या काव्याने अंतर मानले नाही. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात धर्मांतराची कथा सिद्धांतचर्चेतून नव्हे, तर सोवळेओवळे, स्वयंपाक, पाणी, मुलांचे संगोपन व दारी आलेल्यांची व्यवस्था यांतून उलगडते. श्रद्धेचा पालट कोणाच्या हातचे खावे या प्रश्नाशी येऊन ठेपतो, हे त्या ग्रंथाइतके स्वच्छपणे क्वचितच कोठे दिसते.

लोकजीवनातही हा संबंध टिकून आहे. गोव्यात ऑगस्टच्या सुमारास कणसांचे फेस्त साजरे होते; नव्या भाताची कणसे वाजतगाजत चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो व ती घरोघर नेली जातात. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरमध्ये आगेरा हा सुगीचा सण पाळतो. ईश्वराच्या राज्याची वाट पाहणाऱ्या समाजाने नव्या धान्याची पहिली ओंबी वेदीवर ठेवावी आणि तीच परत आपल्या घरी न्यावी, या साध्या विधीत ऐहिक जीवनाविषयीची ख्रिस्ती भूमिका सामावलेली आहे.